कर्करोग आणि आजूबाजूची विषारी द्रव्यं: आधी काय थांबवायचं, मग काय, आणि कशाची काळजी सोडायची

कर्करोगाच्या धास्तीने लोक काय काय टाकून देतात ते पाहण्यासारखं असतं. नॉनस्टिक तवा जातो, मायक्रोवेव्ह विकला जातो, प्लास्टिकचे डबे भंगारवाल्याकडे जातात. आणि त्याच घराच्या मागच्या अंगणात सकाळी आंघोळीच्या पाण्याचा बंब जुन्या चपला आणि फ्लेक्सचे तुकडे घालून पेटवलेला असतो. घरातली म्हातारी मिश्री लावत बसलेली असते. छपरावरचे शेवाळलेले सिमेंटचे पत्रे पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशने घासून घ्यायला माणूस सांगून ठेवलेला असतो. टाकून दिलेल्या वस्तूंविरुद्धचा पुरावा तोकडा आणि चालू ठेवलेल्या गोष्टींविरुद्धचा भक्कम, अशी ही उलटी तऱ्हा आहे.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. डोळ्यांसमोर महाराष्ट्रातलं गावातलं किंवा निमशहरातलं घर ठेवलं आहे, कारण घरचा धूर, रानातली फवारणी आणि कामावरची धूळ तिथे एकाच माणसाच्या वाट्याला येतात. शहरातल्या वाचकाने आपल्याला लागू नाही तो भाग सोडून द्यावा.

शरीरात गेल्यावर होतं काय

१७७५ साली लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी एक नोंद केली. लहानपणी धुराडी साफ करायला आत उतरवलेल्या मुलांना मोठेपणी अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग होत होता. कातडीच्या घड्यांत साचलेली काजळी त्याला कारण आहे, असं त्यांनी म्हटलं. अशा काजळी-डांबरातलं बेंझोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य वेगळं काढता यायला पुढे दीडशेहून जास्त वर्षं गेली.

हे बेंझोपायरीन लाकडाच्या धुरात, विडीत, डिझेलच्या धुरात, करपलेल्या चरबीत, सगळीकडे असतं. मूळ रूपात ते फारसं काही करत नाही. पण ते तेलकट असल्याने शरीराला लघवीवाटे बाहेर टाकता येत नाही. मग यकृतातली आणि फुप्फुसातली एन्झाइम्स त्याला ऑक्सिजन जोडून पाण्यात विरघळणारं करायला जातात. या खटाटोपात मधल्या पायरीवर त्याचं एक भलतंच आक्रमक रूप तयार होतं आणि ते थेट पेशीतल्या डीएनएला चिकटतं. पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते आणि बहुतेक वेळा ती हे निस्तरते. दुरुस्तीआधीच पेशी विभागली, तर मात्र ती चूक पुढच्या सगळ्या पेशींत कायमची उतरते. एका चुकीने कर्करोग होत नाही. पेशीची वाढ आवरणारी पी-५३ सारखी जनुकं एकामागून एक बिघडावी लागतात. त्यात वर्षं जातात.

दुसरी वाट वेगळी आहे. सिमेंटच्या पत्र्यांत घालतात त्या ॲस्बेस्टॉस या खनिजाचा तंतू फुप्फुसात रुतला की त्याला गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, पण तंतू त्यांच्यापेक्षा लांब असतो. त्या अर्धवट गिळतात, मरतात, दाहक द्रव्यं सोडतात, नव्या पेशी येतात. ही धुसफूस थांबत नाही, कारण तंतू विरघळतच नाही. दाह म्हणजे पेशींचं सतत मरणं आणि नव्याने विभागणं, आणि जितकं विभाजन जास्त तितक्या चुका जास्त.

यातून तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मात्रा आणि वर्षं यांना महत्त्व आहे, एखाद्या दिवसाच्या धुराला नाही. संपर्क आणि आजार यांच्यात वीस, तीस, कधी चाळीस वर्षांचं अंतर असतं, त्यामुळे ‘मला इतकी वर्षं काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. आणि दोन विषं एकत्र आली की धोक्याची नुसती बेरीज होत नाही. अमेरिकेत ॲस्बेस्टॉसचं काम करणाऱ्यांच्या १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यातलं काहीच नसलेल्यांच्या तुलनेत नुसत्या ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट, नुसत्या सिगारेटने सुमारे दहापट आणि दोन्हींनी मिळून पन्नासपटीच्या वर गेलेला दिसला.

‘डिटॉक्स’च्या काढ्यांचा आणि पावडरींचा प्रश्न इथेच निकालात निघतो. बाहेर टाकण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतातच. डीएनएवर उमटलेली चूक किंवा फुप्फुसात रुतलेला तंतू कुठलाही काढा बाहेर काढत नाही. ते पैसे चुलीच्या धुराड्याला लावा.

‘गट १’ वाचून घाबरण्याआधी

फ्रान्समधल्या लिआँ शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे, आयएआरसी. १९६५ पासूनची. एखादी गोष्ट कर्करोगकारक आहे का, यावर तिचे तज्ज्ञ सगळा पुरावा तपासून गट ठरवतात. गट १ म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा, २-अ म्हणजे बहुधा होतो, २-ब म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, आणि ३ म्हणजे सध्याच्या पुराव्यावरून काही ठरवता येत नाही.

बातम्यांमध्ये हमखास गफलत होते ती इथे. गट सांगतो तो पुराव्याचा भक्कमपणा. धोका किती मोठा, ते गट सांगतच नाही. तंबाखू गट १ मध्ये आहे आणि सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांसही गट १ मध्येच आहे, म्हणून दोन्ही सारखी घातक ठरत नाहीत. धोका किती, हे ठरतं तुम्ही किती घेता, किती वर्षं घेता आणि कुठल्या वाटेने घेता यावर.

पायरी १: घराचा कागद तयार करा

वहीचं एक पान घ्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं नाव लिहा आणि त्यासमोर चार गोष्टी: तोंडावाटे काय जातं, नाकावाटे काय, कातडीला काय लागतं आणि कामावर काय आहे. प्रत्येकापुढे रोज किती वेळ आणि किती वर्षं, हेही. जुनी, सुटलेली कामं विसरू नका. पंचवीस वर्षांपूर्वी चार वर्षं खडी क्रशरवर काढलेली असतील तर तीही लिहा.

एखाद्या घरातल्या थोरल्या सुनेची ओळ अशी निघेल: ‘चूल दोन वेळा, लग्न झाल्यापासून. मिश्री सकाळ-संध्याकाळ. फवारणीचे कपडे तीच धुते. सासऱ्यांची विडी त्याच खोलीत.’ नवऱ्याची ओळ निराळी: ‘तंबाखू-चुना दिवसभर. हंगामात फवारणी. उन्हाळ्यात फरशी बसवायच्या कामावर.’ असं लिहिलं की आपोआप दिसतं की धोका घरात समान वाटलेला नाही. घरातल्या ज्या बाईची कधी तपासणीच झालेली नसते, तिचीच यादी पुष्कळदा सर्वांत लांब भरते.

आता ज्या गोष्टी रोजच्या आणि वर्षानुवर्षांच्या आहेत त्यांना लाल खूण करा. काम तिथून सुरू.

पायरी २: तंबाखू, आणि त्यात मिश्रीही

याबद्दल थोडक्यात, कारण ठाऊक नसलेलं फार थोडं आहे. राज्यात साधारण चारपैकी एक प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेते आणि त्यात ओढण्यापेक्षा चघळणं-लावणंच जास्त. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मिश्रीवर कुणाचं लक्ष नाही, कारण ती ‘दात घासायला’ असते. मिश्री म्हणजे तव्यावर जाळून पूड केलेला तंबाखू. त्यात तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही कर्करोगकारक द्रव्यं असतात आणि जाळल्यामुळे काजळीतली द्रव्यंही. ती दिवसातून चार-पाच वेळा हिरडीला लावून बसणाऱ्या बाईला व्यसन आहे असं घरात कुणी म्हणत नाही, तिला स्वतःलाही तसं वाटत नाही. सुपारी तंबाखूशिवायही गट १ मध्ये आहे, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे. मिश्री सोडताना पहिले काही दिवस शौचाला त्रास होतो म्हणून बायका परत सुरू करतात. तेवढ्यापुरतं इसबगोल आणि सकाळी गरम पाणी द्या. घरातला तंबाखू सुटत नाही तोवर खालच्या पायऱ्यांचा हिशेब किरकोळच राहणार आहे.

पायरी ३: धूर, आणि मुख्य म्हणजे बंब

चुलीबद्दल आता बरंच बोललं जातं. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसजोडण्या मिळाल्या, पण टाकी महाग पडते म्हणून गॅस चहापुरता आणि भाकरी चुलीवर असं अनेक घरांत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मर्यादेनुसार हवेतल्या पीएम २.५ या अतिबारीक कणांचं चोवीस तासांचं प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं. भारताची मर्यादा ६० आहे. कोंदट स्वयंपाकघरात लाकडाची चूल पेटली की हा आकडा शेकड्यांत जातो. घरातल्या लाकडी धुराला आयएआरसीने २-अ मध्ये आणि दगडी कोळशाच्या धुराला गट १ मध्ये ठेवलं आहे.

चूल बंद होणं शक्य नसेल तरी हात टेकू नका. चीनच्या युनान प्रांतात श्वानवेई भागात घरात धुरकट कोळसा उघड्यावर जाळत आणि विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांमध्येही फुप्फुसाचा कर्करोग प्रचंड होता. तिथे चुलींना नुसती धुराडी बसवल्यावर, पुढच्या दहाएक वर्षांत त्या घरांतलं कर्करोगाचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास कमी झालं. इंधन तेच राहिलं, धूर तेवढा घराबाहेर गेला. तेव्हा आधी धुराडं. ते छपराच्या वर निघालं पाहिजे, माळ्यात नव्हे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी काजळी काढली पाहिजे. मग समोरासमोर दोन झरोके. लाकूड सुकं आणि चिरलेलं. लहान मुलाला कडेवर घेऊन फुंकणी मारणं बंद.

बंबाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. घरात गॅस आला, चूल गेली, तरी अंघोळीचं पाणी अंगणातल्या बंबावरच तापतं. त्यात हातात येईल ते जातं, कारण त्याच्यावर काही शिजवायचं नसतं. काय जळतं याला इथे फार महत्त्व आहे. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते. तिच्यातून काजळी आणि बेंझोपायरीनच्या जातीची द्रव्यं निघतात, ती वाईटच. पण फ्लेक्सचा बॅनर, रेक्झिन, वायरचं आवरण, पाइपाचे तुकडे, पुष्कळशा स्वस्त चपलांचे तळवे हे सगळं पीव्हीसी असतं. त्यात क्लोरिन असतो आणि तो बंबासारख्या अर्धवट आगीत जळला की डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं तयार होतात. त्यांतलं सर्वांत घातक टीसीडीडी गट १ मध्ये आहे. डायॉक्सिन चरबीत साठतात आणि वर्षानुवर्षं राहतात. ती राखेतही असतात. ती राख परसात टाकली, तिथे कोंबड्यांनी टिपलं, की अंड्यात येतात. त्या राखेने भांडी घासणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं.

करायचं एवढंच: बंबाशेजारी फक्त लाकूड, तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. प्लास्टिकची वेगळी गोणी ठेवा आणि ती भंगारवाल्याला द्या. त्यालाही सांगा की तांब्यासाठी वायर जाळू नको, सोलून काढ. सौर बंब परवडला तर उत्तम. गॅस गिझर बसवत असाल तर तो न्हाणीघराच्या आत नको, बंद खोलीत त्याचा कार्बन मोनॉक्साइड तिथल्या तिथे जीव घेतो.

मच्छर कॉइल याच पायरीत येते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, चीन आणि मलेशियातल्या एका कॉइलमधून निघालेले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले. याचा अर्थ तितक्या सिगारेटी ओढल्या असा नाही. पण दारं-खिडक्या लावून रात्रभर उशाशी ती जाळणं हा वेडेपणा आहे. मच्छरदाणी लावा. उदबत्तीही खिडकी उघडी ठेवून, एकच.

पायरी ४: छपराचे पत्रे आणि कामावरची धूळ

जुने करड्या रंगाचे नालीदार सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात. भारतात खाणी बंद झाल्या, पण बाहेरून आयात केलेला पांढरा ॲस्बेस्टॉस वापरणं चालूच आहे. सगळ्या प्रकारचा ॲस्बेस्टॉस गट १ मध्ये आहे. फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, हे त्याचे दोन मुख्य आजार.

धीर देणारी गोष्ट अशी की अखंड पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले असतात. त्याखाली नुसतं राहिल्याने होणारा संपर्क अगदी थोडा. संपर्क वाढतो तो पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना, आणि वर्षातून एकदा हमखास होणारी गोष्ट म्हणजे शेवाळ घासताना. पावसाने जुन्या पत्र्याचा वरचा सिमेंटचा थर आधीच झिजलेला असतो आणि तंतू मोकळे व्हायला आलेले असतात. त्यावर सुका तारेचा ब्रश फिरवला की ती भुकटी घासणाऱ्याच्या नाकात, खाली वाळत घातलेल्या पापडांवर आणि अंगणात पसरते.

शेवाळाने पत्र्याचं फारसं बिघडत नाही, ते राहू द्या. गळती असेल तर न घासता, ओलं करून त्यावर जलरोधक रंग किंवा लेप द्या. पत्रे काढायचेच असतील तर आधी पाण्याने भिजवा, आकडे सोडवून पत्रा अख्खा उतरवा, वरून आपटू नका. काढणाऱ्याच्या तोंडाला पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क हवा, रुमाल किंवा साधा एन-९५ चालत नाही. तुटके तुकडे जाड प्लास्टिकमध्ये ओले असतानाच बांधा. खाली पडलेला चुरा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा आणि फडकंही त्याच पिशवीत टाका. कामाचे कपडे तिथेच बदला. आणि तुकडे गोठ्यात किंवा वाटेवर खडीसारखे पसरू नका. हे गावोगाव दिसतं. जनावरांच्या खुरांखाली आणि मोटारसायकलींच्या चाकांखाली त्याची रोज थोडी थोडी पूड होत राहते.

फरशी, कडप्पा, ग्रॅनाइट ग्राइंडरने सुकं कापताना उडणारी पांढरी धूळ म्हणजे सिलिका. ही गट १ मध्ये. तिच्याने आधी फुप्फुसं राठ करणारा सिलिकोसिस होतो आणि पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उपाय फुकटचा आहे: ब्लेडवर पाण्याची बारीक धार. एकाने कापायचं, दुसऱ्याने छिद्र पाडलेल्या बाटलीने पाणी सोडायचं. घरात काम काढणाऱ्या मालकाने ही अट पहिल्याच दिवशी घालावी. कामगार स्वतःहून मागणार नाही, कारण ओल्याने काम सावकाश होतं आणि मजुरी फुटावर असते.

गॅरेजमध्ये हात पेट्रोलने धुतात. पेट्रोलमधलं बेंझीन कातडीतून आणि नाकातून रक्तात जातं, अस्थिमज्जेपर्यंत पोचतं आणि रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरतं. तोंडाने नळी ओढून टाकीतलं पेट्रोल काढणं तर त्याहून वाईट. इंजिनातलं काढलेलं काळं ऑइल शटरिंगच्या प्लेटांना, लाकडाला, कधी बैलाच्या जखमेलाही लावतात. पॉटसाहेबांच्या काजळीतली तीच द्रव्यं त्यात असतात. कातडीला लागू देऊ नका. लागलंच तर साबण आणि लाकडाचा भुसा, पेट्रोल नाही.

पायरी ५: सुपातले शेंगदाणे

आपल्या स्वयंपाकात कूट नसलेली भाजी विरळाच, म्हणून इथे जरा रेंगाळायला हवं. शेंगदाणा, मका आणि लाल मिरचीवर वाढणारी एक हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. यकृताच्या कर्करोगाचं हे सिद्ध झालेलं कारण, गट १. ते मोठ्या मात्रेत गेलं तर यकृत लगेचच निकामी होऊ शकतं. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी भागात अवकाळी पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभरहून जास्त माणसं दगावली होती.

शेंगदाण्यात एक सोय आहे. विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, थोड्याशा खराब दाण्यांत एकवटलेलं असतं. त्यामुळे निवडण्याने खरोखर फरक पडतो. दाणे सुपात घ्या, उजेडाला बसा. सुरकुतलेले, काळपट किंवा हिरवट डाग पडलेले, टरफलातच मोड आलेले, भोक पडलेले, आत पिवळट दिसणारे दाणे बाजूला काढा. अर्धा दाणा उघडून मधली पोकळी पाहा, बुरशी पुष्कळदा तिथे लपलेली असते. भाजल्यावर कडू लागलेला दाणा थुंका, शिष्टाचार गेला खड्ड्यात. बाजूला काढलेले दाणे कोंबड्यांना किंवा म्हशीलाही घालायचे नाहीत. भाजण्याने विष थोडं कमी होतं, संपत नाही. तयार कूट विकत घेऊ नका. दाणा अख्खा दिसतो, कुटात काय गेलं ते दिसत नाही.

शेतकऱ्यासाठी: काढणीनंतर शेंगा ढिगात ठेवू नका, पातळ पसरून वाळवा. शेंग कानाशी हलवून खुळखुळ वाजली पाहिजे. पोती भिंतीपासून दूर आणि फळीवर.

लाकडी घाण्याच्या तेलाबद्दल एक नको असलेली गोष्ट सांगावी लागते. चव, वास, सगळं मान्य. पण रिफाइंड तेलात अल्कलीची प्रक्रिया होते आणि तीत अफ्लाटॉक्सिन निघून जातं. घाण्याच्या तेलात ते राहू शकतं. म्हणजे घाण्याचं तेल त्यात घातलेल्या दाण्यांइतकंच चांगलं. आपले निवडलेले दाणे देऊन गाळून घेत असाल तर खुशाल वापरा.

गायी-म्हशींना बुरशीची पेंड घातली की त्याचंच एक रूप दुधात उतरतं आणि उकळून जात नाही. दुधासाठी अन्नसुरक्षा नियमांत किलोला ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. पेंडेच्या पोत्याला कुबट वास आला तर ते पोतं परत.

आणि हिपॅटायटिस-बीची लस. शांघायमध्ये झालेल्या अभ्यासात नुसत्या अफ्लाटॉक्सिनने यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट, नुसत्या हिपॅटायटिस-बीने सातपट आणि दोन्ही असलेल्यांत साठपटीच्या आसपास आढळला. बाळांना ही लस सरकारी लसीकरणातच मिळते. मोठ्यांनी रक्त तपासून घ्यावी.

पायरी ६: फवारणी

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ती तात्काळ विषबाधा होती आणि तिची भीती सगळ्यांना आहे. कर्करोगाचा प्रश्न त्याहून वेगळा. डब्यावरचा रंगीत त्रिकोण, लाल, पिवळा, निळा, हिरवा, फक्त तात्काळ विषारीपणा सांगतो. हिरव्या त्रिकोणाचं औषध वीस वर्षांनी काय करेल हे त्यात लिहिलेलं नसतं. मॅलॅथिऑन आणि ग्लायफोसेट २०१५ पासून २-अ मध्ये आहेत, आणि दोन्हींना लाल त्रिकोण नाही. त्यामुळे ‘हे साधं औषध आहे’ म्हणून उघड्या अंगाने मारू नका.

औषध ढवळताना हातमोजे आधी, कारण सर्वांत तीव्र द्रव्य तेव्हाच कातडीला लागतं. पूर्ण बाह्या, फुलपँट, बूट, चष्मा, मास्क. वारा पाठीमागून यायला हवा. उंच वाढलेल्या कपाशीत डोक्यावर तुषार पडतात, तिथे खालच्या पातळीवर मारा किंवा मारूच नका. संपल्यावर पहिली अंघोळ, मग पाणी, मग जेवण. ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत, आणि जी बाई ते धुते तिलाही हातमोजे. रिकामे डबे पाण्याला, तेलाला, संडासाला वापरू नका. तीन वेळा खळबळून, भोक पाडून टाका.

खाणाऱ्यासाठी: नळाच्या धारेखाली चोळून धुतल्याने वरचा अंश बराच जातो. झाडाच्या रसात भिनलेली औषधं धुऊन जात नाहीत. भाज्यांचे महागडे ‘प्युरिफायर’ घेण्याची गरज नाही. आणि औषधाच्या भीतीने भाजी-फळं खाणं कमी करणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

पायरी ७: पाणी

आर्सेनिक हे पाण्यातलं सिद्ध झालेलं कर्करोगकारक द्रव्य, पण त्याचा मोठा प्रश्न गंगेच्या खोऱ्यात आहे. आपल्याकडे विहिरी-बोअरला जास्त करून नायट्रेट आणि फ्लोराइड सापडतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ते पोटात नायट्रोसामाइनमध्ये बदलू शकतं म्हणून २-अ. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. अहवालात नायट्रेट जास्त आलं तर पाणी उकळू नका, उकळून पाणी आटतं आणि क्षार तेवढेच राहतात. तिथे आरओ लागतो. अहवाल ठीक असेल तर आरओवर पैसे घालवू नका.

ज्यांची काळजी सोडली तरी चालेल

मोबाइल टॉवर: २०११ पासून २-ब, आणि त्या लहरींत डीएनए तोडण्याची ताकद नसते. मायक्रोवेव्ह: अन्न तापवतो, त्यात किरणोत्सार भरत नाही. नॉनस्टिक: काळजी होती ती ते बनवताना वापरल्या जाणाऱ्या पीएफओएची, आणि तीही कारखान्याच्या आसपासच्या पाण्यात. तवा रिकामा तापवू नका, बस. गरम चहा प्लास्टिकच्या पिशवीत घेणं बंद करा, पण त्याचं कारण कर्करोगापेक्षा हार्मोन्समधली ढवळाढवळ आहे आणि पुरावा अजून कच्चा आहे. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवणं मात्र या यादीत नाही, ते खरंच टाळा.

पायरी ८: तो कागद डॉक्टरकडे न्या

केसांची किंवा रक्ताची ‘टॉक्सिन प्रोफाइल’ करून घेऊ नका. विशिष्ट कामाचा संशय असेल, उदाहरणार्थ बॅटरी कारखान्यातलं शिसं, तर ती एक तपासणी डॉक्टर सांगतील. बाकीचे आकडे तुम्हाला घाबरवण्यापलीकडे काही करत नाहीत.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची, आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, तीन आठवड्यांवर टिकलेला खोकला, थुंकीतून किंवा लघवीतून रक्त, यासाठी शिबिराची वाट पाहू नका.

डॉक्टर ‘तंबाखू खाता का’ एवढं विचारतात आणि पुढे जातात. क्रशर, पत्रे, ग्राइंडर, फवारणी याबद्दल क्वचितच कुणी विचारतं, तेव्हा पहिल्या पायरीतला कागद पुढे सरकवा आणि केसपेपरवर कामाचा प्रकार आणि वर्षं लिहायला लावा. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, बेंझीनची बाधा हे कायद्याने कळवणं बंधनकारक असलेले आजार आहेत. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, दावा करायची वेळ आली तर पंधरा वर्षांपूर्वीच्या केसपेपरवरची ती एक ओळ कामाला येते. त्याची झेरॉक्स काढून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.